सुतासारखी सरळ

पडले तेव्हा वेग असेल-नसेल चालण्याइतका. वळणावर बारीक खडी पसरलेली होती, पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला गेला आणि गाडी उजव्या कुशीवर आडवी झाली. कोपर खरचटलं, इंडिकेटर तुटला, ब्रेक लिव्हरचं टोक वाकलं. उठल्यावर आधी कुणी पाहिलं का ते पाहिलं, मग गाडी उचलली. पहिल्या फटक्यात सुरू झाली. ‘काही नाही झालं’ असं मोठ्याने म्हणाले, ऐकायला कुणी नव्हतं तरी.

झालं होतं. पन्नास पावलं जाते न जाते तोच लक्षात आलं, की गाडी सरळ चाललीय आणि माझे हात वाकडे आहेत. उजवी मूठ जवळ आलेली, डावी लांब गेलेली. फरक बोटभराचा, पण हँडलकडे पाहिलं की वाटावं गाडी उजवीकडे वळतेय, आणि रस्त्याकडे पाहावं तर ती नाकासमोर चाललेली. दोघांपैकी खरं कोण, हे ठरवेपर्यंत घर आलं.

एका गॅरेजात दाखवली. तिथल्या मुलाने पुढचं चाक दोन गुडघ्यांत गच्च धरलं, हँडलला डावीकडे दोन हिसके दिले, लांब जाऊन एक डोळा मिटून बघितलं आणि ‘झालं ताई’ म्हणाला. खरंच झालं होतं. आठवडाभर. मग दोन-चार खड्ड्यांत गाडी दणकून आपटली आणि उजवी मूठ पुन्हा माझ्याकडे सरकली.

त्यानंतर मी काय केलं, हे सांगायला जरा लाज वाटते. काहीच केलं नाही. दोन महिने तशीच चालवली. पहिल्या आठवड्यात डावा खांदा दुखायचा. दुसऱ्या आठवड्यात दुखायचा थांबला. महिनाभराने तर हँडल वाकडं आहे हे मलाच कुणीतरी सांगावं लागलं असतं. ते मामाने सांगितलं.

मामा आयुष्यभर फिटर होता. मोटरसायकलींचा नाही, मोठ्या यंत्रांचा. मोटर आणि पंप एका रेषेत आणायचे, शाफ्ट हाताने फिरवत डायल गेजचा काटा किती हलतो ते बघायचं, पायाखाली कागदाएवढा पातळ पत्रा सारायचा, पुन्हा बघायचं. त्यामुळे ‘जवळजवळ सरळ’ हे शब्द त्याला शिवीसारखे लागतात. मी गाडीवरून येताना तो दारातच उभा होता.

“तिरकी का बसतेस गं?”

“कुठे तिरकी?”

“डावा खांदा पुढे काढून बसलीस. पडलीस का कुठे?”

मी कबूल केलं. म्हटलं, “हँडल जरा वाकडं झालंय. सरळ करून देतोस?”

“हँडल वाकडं झालंय हे कोणी सांगितलं?”

“दिसतंय की.”

“हं. दिसतंय तेवढं सांगितलंस. हात सैल ठेवलेस तर गाडी कुठे ओढते का?”

ओढत नव्हती. हे ऐकून तो एकदम खूश झाला. मला कळेना, की यात खूश होण्यासारखं काय. मग त्याने अंगणात बसून खडूने फरशीवर काढून दाखवलं. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाइप, मागे कललेला असतो. त्या वळण्याच्या अक्षाची रेषा तशीच खाली जमिनीपर्यंत ओढली, तर टायर जिथे जमिनीला टेकतं त्याच्या थोडी पुढे जाऊन टेकते. साध्या गाड्यांत हे अंतर साधारण १० सेंटीमीटर भरतं, याला ट्रेल म्हणतात. म्हणजे टेकणारं टायर कायम वळण्याच्या अक्षाच्या मागून ओढलं जातं, खुर्चीच्या चाकासारखं. खुर्ची ढकलली की चाकं आपोआप मागे वळून सरळ होतात ना, तसंच. गाडी सरळ ठेवण्याचं बरंचसं काम हे ट्रेल करतं. हँडल नुसतं वर बसवलेलं असतं. चाक सरळ आहे, चेसिस शाबूत आहे आणि वरचं हँडल तेवढं फिरलंय, तर गाडी खुशाल सरळ जाईल आणि चालवणाऱ्याचे हात वाकडे राहतील. पण चेसिस वाकली असती, किंवा एखादा पाइप चांगलाच वाकला असता, तर बहुतेक गाडी एका बाजूला ओढली असती. ओढत नाही ही चांगली बातमी. पुरावा नव्हे, बातमी.

पुराव्यासाठी त्याने ओलं फडकं आणि टॉर्च मागितला. माझी अपेक्षा पान्ह्यांची होती. चेसिसची मान, म्हणजे फोर्कचा दांडा ज्या नळीत शिरतो ती, तिथला चिखल आधी पुसला. टाकी जिथे संपते तिथून खाली डोकं घालून मानेला जोडलेल्या नळ्यांच्या वेल्डिंगवर टॉर्च मारला. तो रंग बघत होता. लोखंड वाकलं तर रंग त्याच्याबरोबर वाकत नाही. सुरकुततो, नाहीतर केसासारखी चीर जाऊन पापुद्रा सुटतो. “इथे सुरकुती दिसली असती तर मी पान्ह्याला हातच लावला नसता,” तो म्हणाला. “मग ही चेसिस जिगवर चढवून मोजणाऱ्याचं काम.” सुरकुती नव्हती. हँडल पूर्ण वळल्यावर जिथे अडतं ते खालच्या टीवरचे (टी म्हणजे दोन पाइप आवळून धरणारा आडवा तुकडा) दोन ठोकळेही शाबूत होते. पडताना हँडल गच्च वळतं तेव्हा सगळा दणका तेच खातात. ते तुटले की पुढच्या वेळी फोर्क थेट टाकीत घुसतो.

मग तो गाडीसमोर उकिडवा बसला. सुतार फळीची धार बघतो तसा, एक डोळा मिटून. “ये, बस इथे. वरच्या टीची कड आणि खालच्या टीची कड एकावर एक आण.” मी मान वरखाली करत आणली. वरची कड आडवी दिसत होती तेव्हा खालची किंचित तिरकी होती. इतकी किंचित की सांगितलं नसतं तर दिसली नसती, आणि एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. हँडल मात्र वरच्या टीला अगदी समांतर. म्हणजे हँडल बिचारं निर्दोष होतं. ज्यावर ते बसलं होतं तो टी फिरला होता.

इथे रचना जरा समजून घ्यावी लागते. दोन पाइप वर एका टीत आणि खाली दुसऱ्या टीत आवळलेले असतात, आणि सगळ्यात खाली चाकाचा ॲक्सल दोघांना जोडतो. खालचा टी दांड्याला पक्का असतो. वरचा टी मात्र त्याच दांड्यावर नुसता नटाखाली दाबून बसवलेला. पडताना उजवी मूठ जमिनीला घासून मागे ढकलली गेली. चाक जागेवर राहिलं, वरचा टी दांड्याभोवती अंशभर फिरला आणि त्याच्याबरोबर पाइपांची वरची टोकं सरकली, एक मागे, एक पुढे. शिडीचं एक टोक मी धरलं, दुसरं तू धरलंस आणि उलट पिळलं, तर शिडीला जे होईल ते. मोडलं काही नाही, वाकलंही काही नाही, पीळ बसला. आणि बोल्ट तसेच आवळलेले असल्यामुळे पीळ तिथेच पक्का. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. गॅरेजातल्या मुलाच्या दोन हिसक्यांनी तो थोडा ढिला झाला होता इतकंच. बोल्ट सैल न करता दिलेला हिसका म्हणजे पाइपांना केलेल्या गुदगुल्या.

हा दोष टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या, फोर्कच्या जातीचाच आहे. तेलाने दणके जिरवणारा टेलिस्कोपिक फोर्क उत्पादनातल्या गाडीवर पहिल्यांदा आला तो १९३५ साली, बीएमडब्ल्यूच्या आर १२ आणि आर १७ वर. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांचा फोर्क म्हणजे दांड्यांचा जोडून केलेला एकसंध सांगाडा, आणि तो सगळाच्या सगळा वरखाली व्हायचा. टेलिस्कोपिकने प्रवास मऊ केला, पण पुढचा भाग दोन सुट्या पाइपांवर आणून ठेवला. त्यांना एका पातळीत धरून ठेवणं हे बोल्टांच्या पकडीवर आलं. पकड सुटते, हे वाईटच असं मला आता वाटत नाही. ती सुटली नसती तर तो दणका पाइपांनी नाहीतर चेसिसच्या मानेने खाल्ला असता.

मामा अजून सोडायला तयार नव्हता. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मी मागून दाबून धरली, पुढचं चाक अधांतरी झालं. त्याने हँडल एका बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं. मधोमध कुठे अडकल्यासारखं, खाचेत बसल्यासारखं झालं, तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्या छर्ऱ्यांवर फिरतं तो संच, गेला समजायचं. छर्ऱ्यांनी वाटीत खळगे पाडलेले असतात. माझ्या गाडीत तसं नव्हतं. मग फोर्क खालून धरून पुढे-मागे ओढला, खटखट नाही. चाकाशेजारी पेन्सिल धरून चाक फिरवलं. रिम आऊट असेल तर पेन्सिल आणि रिममधली फट जवळ-लांब होत राहते. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये याची मर्यादा २ मिमी दिलेली असते. माझं चाक अर्ध्या मिमीच्या आत होतं. प्रत्येक गोष्ट ठीक निघाली की मी म्हणायचे, चला, आता करूया. तो म्हणायचा, थांब.

“आता दोरा आण.”

दोरा मागच्या टायरच्या मागून घेतला, जमेल तितका उंच पण स्टँडला आणि सायलेन्सरला न अडता, आणि दोन्ही बाजूंनी पुढे आणून पुढच्या चाकासमोर ठेवलेल्या दोन जड डब्यांना बांधला. डबे इकडे-तिकडे सरकवत राहायचं, दोरा मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुसता शिवेपर्यंत. शिवला पाहिजे, वाकता कामा नये. मामा जमिनीला गाल लावून ती शिवणूक बघत होता. दोन्ही बाजू जमल्या की मागच्या चाकाने आपली दिशा दोऱ्याने पुढे लिहून दिली, असं झालं. पुढचं टायर मागच्यापेक्षा बारीक, म्हणून दोन्हीकडे फट राहणार, पण सारखी राहायला हवी. टायरवर छापलेला आकडा त्याने मानला नाही, व्हर्नियरने मोजलं. मागचं १०० मिमी भरलं, पुढचं ८०. म्हणजे प्रत्येक बाजूला १०.

सुतासारखा सरळ हा वाक्प्रचार मी शेकडो वेळा वापरला असेन. सूत ताणून त्याच्याशेजारी काहीतरी ठेवून पाहायची वेळ पहिल्यांदाच आली. पुढचं चाक दोऱ्याला समांतर होईपर्यंत हँडल फिरवलं. हँडल अर्थातच वाकडं दिसू लागलं. आणि पट्टी लावली. उजवीकडे ७. डावीकडे १३.

“एक सूत,” मामा म्हणाला. हे दुसरं सूत. जुने सुतार-फिटर इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला सूत म्हणतात. एक सूत म्हणजे तीन मिमीला थोडं वर. “पुढचं चाक मागच्याच्या रेषेत नाही. एक सूत उजवीकडे पडलंय.”

माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे चेसिस? तो काही बोलला नाही. उठून मागच्या चाकापाशी गेला आणि चेनच्या ॲडजस्टरपाशी बोट ठेवलं. “चेन कोणी आवळली शेवटची?”

मीच. पडण्याच्या महिनाभर आधी. दोन्ही बाजूंच्या खुणा मोजून, सारख्या आणून, मोठ्या अभिमानाने. मामाने सांगितलं त्या खुणांवर त्याचा काडीचा विश्वास नाही, आणि हिशेब करून दाखवला. मागच्या ॲक्सलची दोन टोकं ॲडजस्टरपाशी धरून जेमतेम २० सेंटीमीटर लांब. तिथून पुढच्या चाकापर्यंतचं अंतर १३० सेंटीमीटर. म्हणजे मागे अर्धा मिमी चुकलं की पुढे साडेसहा पट होऊन तीन मिमीच्या वर जातं. अर्धा मिमी म्हणजे पत्र्यावर ठोकलेल्या त्या खुणेची स्वतःची जाडी. नट ढिला करून त्याने डावा ॲडजस्टर किंचित पुढे घेतला, चाक पुढे सारून त्याला टेकवलं, चेनचा झोल पुन्हा तपासला, नट आवळला, दोरा पुन्हा लावला. १०. १०.

तिथे मी बराच वेळ बसून राहिले. दोन महिने मी जे काही चुकत होतं ते त्या वळणावरच्या खडीच्या नावावर टाकत होते. खडीने केलेलं वेगळं होतं, माझ्या हाताने त्याआधीच केलेलं वेगळं. ते एक सूत तर पडले नसते तर कधी कळलंच नसतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगण खरंच वाकडं होतं आणि ते वाकडं करणारीही मीच होते.

शेवटी पान्हे निघाले. क्रम मामाने आधी तोंडाने म्हणून दाखवला, मग हात लावला. इंजिनाखाली ठोकळा देऊन पुढचा भार काढला. मडगार्डचे बोल्ट ढिले केले, कारण मडगार्डची पट्टी दोन पाइपांना बांधून ठेवते आणि ती वाकली असेल तर तीच फोर्कला वाकडं धरते. मग ॲक्सलला पायात चिमटून धरणारा पिंच बोल्ट आणि ॲक्सलचा नट. मग खालच्या टीचे बोल्ट, वरच्या टीचे, आणि दांड्यावरचा मोठा नट. सगळे अर्धा-पाऊण फेरा, जास्त नाही. पूर्ण सोडले तर पाइप टीतून सरकतात आणि एक पाय लांब, एक आखूड असं नवीन दुखणं मागे लागतं.

“आता धर चाक गुडघ्यांत.”

मी धरलं. त्याने हँडलला हिसका वगैरे दिला नाही. दोन्ही मुठींना तळहात लावून, दार लोटावं तसं डावीकडे लोटलं. आतून टक्क असा एक बारीक आवाज आला. बस. त्या आवाजासाठी दोन महिने माझा खांदा पुढे होता.

मग त्याने घरातून जुन्या फोटोफ्रेमची काच आणली. दोन पाइपांवर, टीच्या खाली, समोरून ती काच आडवी टेकवली आणि चारी कोपऱ्यांवर आळीपाळीने बोट दाबलं. पाइप एका पातळीत असतील तर काच चारी ठिकाणी टेकते. नसतील तर मोडक्या पायाच्या टेबलासारखी डुगडुगते. डुगडुगली. हँडल आणखी केसभर लोटलं. पुन्हा डुगडुगली, पण कमी. तिसऱ्या वेळेला गप्प बसली. मला दाबू दिलं. बोटाखाली काच न हलणं ही इतकी छान गोष्ट असेल असं वाटलं नव्हतं.

ती गप्प बसलीच नसती तर? मग पाइप वाकलाय अशी शंका, आणि तो काढून बघायचा. व्ही ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर, ठेवून फिरवायचा आणि डायल गेज लावायचा. वाक बऱ्याच मॅन्युअलप्रमाणे ०.२ मिमीच्या आत हवा, आणि काटा जितका हलेल त्याच्या निम्मा तो वाक धरायचा. मामाने पाइपांवर उभी स्टीलची पट्टी लावून मागून टॉर्च मारला, चारी बाजूंनी. कुठे उजेड दिसला नाही. दिसला असता तर त्याने पाइप प्रेसवर सरळ करू दिला नसता, हे मला माहीत आहे. त्यावर त्याची मतं लांबलचक आहेत.

आवळताना क्रम बदलला. आधी खालच्या टीचे बोल्ट, मग दांड्याचा नट, मग वरच्या टीचे, टॉर्क पान्ह्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. टीचे बोल्ट जोर लावून आवळणाऱ्यांवर त्याचा राग आहे, तिथे जास्त जोराने टी तडकतो. मग ठोकळा काढला, चाक जमिनीवर आणलं, ॲक्सलचा नट आवळला, पण पिंच बोल्ट ढिलाच ठेवला. “आता पुढचा ब्रेक धर आणि हँडलवर भार टाकून दाब. सोड. दाब.” सात-आठ वेळा केलं. फोर्क खालीवर झाला की ज्या पायात पिंच बोल्ट आहे तो पाय ॲक्सलवर आपली जागा शोधतो. आधीच आवळला तर दोन पाय एकमेकांना ओढत राहतात आणि फोर्क अडकत-अडकत दबतो. मग पिंच बोल्ट. सगळ्यात शेवटी मडगार्ड.

रिकाम्या रस्त्यावर सावकाश एक चक्कर मारून ये म्हणाला, ब्रेक हलका दाबून बघ, आवाज ऐक. मी गेले आणि दोन मिनिटांत परत आले.

“मामा, आता डावीकडे वाकडं झालंय.”

तो गाडीसमोर बसला. एक डोळा मिटला. काच आणली, लावली, चारी कोपरे दाबले. काच गप्प.

“तू वाकडी झालीस,” म्हणाला. “चार दिवस चालव. तरी वाटलं तर ये, पुन्हा दोरा लावू. नाहीतरी शंभरेक किलोमीटर झाले की बोल्ट तपासायला यायचंच आहे.”

पहिल्या दिवशी डावी मूठ पोटात शिरल्यासारखी वाटत होती. दुसऱ्या दिवशी सिग्नलला थांबले असताना काचेच्या एका दारात माझं प्रतिबिंब दिसलं, आणि खांदे सरळ असूनही मला ते कुणा दुसरीचे वाटले. तिसऱ्या दिवशी थोडं कमी. चौथ्या दिवशी घाई होती, बघायचं राहून गेलं. बोल्ट तपासायला गेले तेव्हा मामा दारातच उभा होता. या वेळी त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काहीच विचारलं नाही, थेट पान्हा आणायला आत गेला.